गोळ्यांचे वाटे

महागावजवळच्या तांड्यावर बकरं कापलं की वाटे पाडायला भुरीबाईलाच बोलावतात. एकतीस घरं, एकतीस वाटे. हाड जास्त आलं अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

त्याच हाताने तिने औषधाचेही वाटे पाडले.

वर्षभर पोटात आग पडायची. मग शौचाला काळं झालं आणि ती विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. यवतमाळला दुर्बीण घातली, तर जठरात जखम आणि ती करणारे जंतू सापडले. डॉक्टर सुरभीने चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सातव्या दिवशी आग थांबली. थोरली जाऊ रुपीबाई पोट धरून ओसरीवर बसलेली. उरलेल्या गोळ्या एकटीने खाणं भुरीबाईला शोभेना. देऊन टाकल्या. मन चांगलं असलं तरी हा मूर्खपणाच.

पुढच्या तपासणीत जंतू जिवंत. सुरभीने खोदून विचारलं, तेव्हा आणखीही निघालं. कधी तापाला, कधी दाढेला, बाजारातून त्याच जातीच्या दोन-दोन गोळ्या आणून खाल्लेल्या. शिवाय दाढेखाली तंबाखू.

"मावशी, जंतूंना त्या गोळीची सवय तुम्हीच लावली," सुरभी म्हणाली. "आता ही कडक औषधं. हीही अर्धी सोडलीत तर माझ्याकडे फारसं काही उरत नाही. पुन्हा रक्त गेलं, तर तांड्यावरून इथवर पोचाल का?"

तंबाखूची डबी चुलीत गेली. तोंड कडू, अन्नाचा वास नको. सून वर्षा रोज कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढायची. नवव्या रेघेला रुपीबाई आली आणि तिने हात पुढे केला.

"भुरी, दोन दिसाच्या दे. मांगच्या वक्ताले बरं वाटलं होतं."

वर्षाचं लाटणं थांबलं. भुरीबाईने आजवर कुणाचा पसरलेला हात रिकामा परत पाठवला नव्हता, आणि हा तर थोरलीचा. उद्या सगळा तांडा बोलेल. तिच्या तळहातावर चार गोळ्या होत्या. तिने जावेच्या देखत चारही तोंडात टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी प्यायली.

"याचे वाटे होत नाहीत, बाई."

रुपीबाई उठून गेली. पुढचे पाच दिवस तिने भुरीबाईकडे पाठ केली. चौदावी रेघ पडली त्या सकाळी रिकामी पाकिटं ओच्यात घेऊन भुरीबाई तिच्या दारात उभी राहिली.

"चाल, एसटीत बसू. तुह्यं पोट त्या पोरीले दाखवू."

"कायले? तू त कंजूस झाली."

"झाली. लुगडं बदल."

तीन आठवड्यांनी दुर्बिणीचा नंबर लागला, रुपीबाईच्याही पोटात तेच निघालं आणि तिच्या भिंतीवरही रेघा सुरू झाल्या. औषध संपून महिना झाला तेव्हा भुरीबाईची तपासणी झाली. जंतू नाहीत, सुरभी म्हणाली, आणि तिने कागद पुन्हा एकदा वाचला. भुरीबाई हसलीसुद्धा नाही. तांड्यावर उतरली ती थेट जावेच्या घरात शिरली आणि भिंतीवरच्या रेघा मोजू लागली.

आठ होत्या. आजची गोळी अजून पुडीतच होती. तिने तांब्या भरला आणि रुपीबाईसमोर ठाण मांडून बसली.