निषेध नोंदवून दाब

पासवर्ड मी विसरलो. ठरवलाही मीच होता, टाकलाही मीच होता, आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत विसरलोही मीच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या नातेवाइकांत ही हकीकत निरनिराळ्या रूपांत फिरते आहे आणि त्यांतल्या एकातही माझी अवस्था याहून बरी नाही.

माझ्या बायकोचे मामा हे यंत्राने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मनापासून उत्तर देणारे भूतलावरचे एकमेव गृहस्थ आहेत. 'तुमची खात्री आहे ना?' असं संगणकाने विचारलं की तुम्हीआम्ही न वाचता 'हो' म्हणून मोकळे होतो. मामा खुर्चीत मागे रेलतात, चष्मा काढतात आणि आपली खरोखरच खात्री आहे का, याचा विचार करू लागतात. एकदा तर 'उद्या सांगतो' असं त्या पडद्याला सांगून जेवायला उठले होते. सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात नवी यंत्रं तपासून चालू करून देण्यात गेली. निवृत्त होऊन बंगळूरला बनशंकरीत घर बांधलं, तरी कारखाना काही अंगातून गेला नाही. लिफ्टमध्ये शिरले की आधी तिथलं तपासणीचं प्रमाणपत्र वाचतात. मुदत टळलेली असली की जिन्याने जातात आणि बरोबरच्या सगळ्यांना नेतात. एका लग्नाला त्यांच्यासोबत सातव्या मजल्यावर पोचलो, तेव्हा लग्न लागून खाली पंगत बसली होती. रिक्षात पाय ठेवण्यापूर्वी "अण्णा, स्वल्प ब्रेक!" म्हणून ब्रेक दाबून दाखवायला लावतात. निम्मे रिक्षावाले तिथूनच भरधाव पळतात. त्यावरून निदान त्यांचं इंजिन ठीक असल्याचं कळतं, असं मामांचं म्हणणं.

घरात काही दुरुस्ती निघाली की त्या वस्तूच्या बटणाला ते 'चालू करू नये' अशी लाल पाटी अडकवतात. पाटी ज्याने लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा कारखान्याचा कायदा. एकदा गीझरला पाटी लावून मामा एका मुंजीला म्हैसूरला गेले आणि तिथेच चार दिवस रमले. मामी डिसेंबरात गार पाण्याने आंघोळ करत राहिल्या. मी म्हटलं, "मामी, पाटी काढायची की सरळ!" तर म्हणाल्या, "पाटी काढली तर ते मला नोटीस देतील. गार पाणी परवडलं."

या दोघांनी घराच्या गॅरेजमध्ये मराठी मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र चालवलं आहे. कुणाचा पाय मोडला, कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी इथून न्यायची आणि काम झालं की परत आणून द्यायची. कुठलीही चाकाची खुर्ची देण्यापूर्वी मामा स्वतः तीत बसतात आणि मामी त्यांना गल्लीतून एक फेरी मारून आणतात. गल्लीत नव्याने राहायला आलेली माणसं हे दृश्य पाहून हळहळतात. संध्याकाळी तेच मामा ताडताड पावलं टाकत भाजीला निघालेले दिसले की त्यांची देवावरची श्रद्धा वाढते.

तर हे केंद्र मामांच्या हातून जायची वेळ आली होती. मंडळाच्या अध्यक्षबाई, ज्यांना सगळे अक्काच म्हणतात, त्यांनी मामांना निरोप धाडला: "अण्णा, वय झालं की आता. गॅरेज रिकामं करा. जयनगरात एक पोरगा आहे, तो सगळं फोनवर बघतो म्हणतोय. रविवारी येते मी." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "जावईबापू, रविवारच्या आत केंद्राचा सगळा व्यवहार संगणकावर आला पाहिजे. डेटाबेस सर्व्हर इन्स्टॉल करायचा."

डेटाबेस सर्व्हर म्हणजे बँका लाखो खातेदारांची माहिती ठेवायला वापरतात तसलं अवजड सॉफ्टवेअर. कुबड्यांसाठी ते वापरणं म्हणजे आमटी ढवळायला क्रेन आणणं. मी तसं म्हणालो. मामा म्हणाले, "समजा, एकाच दिवशी अख्ख्या बंगळूरचा पाय मुरगळला, तर?" मी आयटीत आहे खरा, पण आमच्या ऑफिसात डेटाबेस दुसरीच टीम बसवते. तो बंद पडला की त्यांना तक्रार पाठवणं, एवढंच माझं तंत्रज्ञान. तरी मी म्हणालो, "अहो मामा, हे तर माझं रोजचं काम!" मी मूळचा पुण्याचा, त्यातून जावई. 'येत नाही' हे वाक्य आम्हाला शिकवलेलंच नाही.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. कारखान्याच्या रीतीप्रमाणे सूचना वाचणारा वेगळा आणि बटण दाबणारा वेगळा. मामा वाचणार, माउस मामींच्या हाती. मला स्टुलावर बसवलं होतं, निरीक्षक म्हणून. पहिल्याच पानावर परवान्याच्या अटी आल्या. मनुष्यजातीने आजवर न वाचलेलं ते वाङ्मय मामा मोठ्याने, मराठीत अर्थ सांगत वाचू लागले. 'या सॉफ्टवेअरमुळे झालेल्या कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार नाही' या कलमापाशी थांबले.

"हे मला मान्य नाही," मामा म्हणाले.

"मग 'मान्य नाही' दाबू?" मामी.

"दाब."

"दाबलं."

सगळा कारभार पडद्यावरून नाहीसा झाला. मामा मात्र खूश. "बघा, ऐकतात! आपलं म्हणणं कळवण्याची सोय आहे." मग पुन्हा पहिल्यापासून वाचन. या खेपेला बऱ्याच विचारांती मामा म्हणाले, "निषेध नोंदवून दाब."

"निषेध नोंदवून दाबलं," मामी म्हणाल्या. पुढच्या पानावर 'टिपिकल' आणि 'कस्टम' यांतलं एक निवडायचं होतं. "टिपिकल? आपलं केंद्र टिपिकल आहे का?" मामांनी अतिशय दुखावलेल्या आवाजात विचारलं. तेवढ्यात कुणी तरी वॉकर न्यायला आलं. मामा खाली गेले, मामी कुकर बघायला गेल्या, आणि माझा संयम संपला. मी माउस ओढला. पुढे, पुढे, पुढे, हो, हो, पुढे. मुख्य पासवर्ड मागितला. मी असा काही बिकट पासवर्ड टाकला की शेजारी हिरव्या अक्षरांत 'मजबूत' असं उमटलं. ऑफिसात मला इतकं चांगलं कुणी म्हणत नाही. त्या नादात तो लक्षात ठेवायचा राहून गेला.

मामा वर आले. "कुठल्या पायरीवर आहोत?"

"झालं, मामा."

"झालं? मग वाचलं कोणी?"

मी हसलो. ते हसले नाहीत. दुपारभर मामींनी पडद्यावरच्या त्याच उघड्या खिडकीत सगळं सामान नोंदवलं; संध्याकाळी मामांनी संगणक रीतसर बंद केला. रविवारी सकाळी अक्का आणि मंडळाचे चिटणीस येऊन बसले, पोह्यांच्या बश्या हातात आल्या, मामांनी संगणक चालू केला, आणि डेटाबेसने पासवर्ड विचारला. मी एक टाकला. मग दुसरा. मग बायकोचा वाढदिवस, आणि तोही चुकीचा असल्याचं बायकोने तिथेच सगळ्यांना सांगितलं.

"कुणी हरवला हो पासवर्ड?" अक्कांनी विचारलं.

मामा शांतपणे म्हणाले, "आमच्याकडून हरवला. चूक शिफ्टची असते, माणसाची नसते."

"शिफ्टला नाव असतं," मामी माझ्याकडे बघत म्हणाल्या.

"पुसून टाकू आणि पहिल्यापासून करू," मामा म्हणाले आणि त्यांनी चष्मा चढवला. मला वाटलं, थट्टा करताहेत. मामांनी आयुष्यात थट्टा केलेली नाही. कलम पहिलं. मराठीत अर्थ. कलम दुसरं. अक्का म्हणाल्या, "अण्णा, हे नंतर करा की." मामा म्हणाले, "अक्का, मधे बोलू नका, तिसरं चाललंय." निषेध यथासांग नोंदवला गेला. या खेपेचा पासवर्ड मामांनी ठरवला, मामींनी मोठ्याने म्हणून दाखवला, आणि सुरक्षिततेसाठी अक्कांकडूनही वदवून घेतला. मग चिटणिसांना गॅरेजमध्ये पाठवलं, ते खालून "कुबडी, डावी!" असं ओरडत, मामा वर ते पुन्हा म्हणत आणि मामी नोंदवत. दुपार टळली. चिटणीस कोळिष्टकं घेऊन वर आले. अक्का पदराने वारा घेत उठल्या आणि म्हणाल्या, "सरी, बरं, अण्णा. ठेवा तुमच्याकडेच. तो जयनगरचा पोरगा यातलं एक पानसुद्धा वाचायचा नाही."

मामा गॅरेजला कुलूप लावायला गेले. बराच वेळ वर आले नाहीत. मामी म्हणाल्या, "असू दे, येतील."

या वर्षी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. मामांना आता बारीक अक्षर दिसत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पाहिलं, पण फारसा फरक पडला नाही. मामींचा फोन आला, "हे विचारताहेत, रविवारी वाचायला याल का?" गेलो. स्टुलावरून खुर्चीवर बढती मिळाली. मामा शेजारी डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मी कलम वाचायचं, अर्थ सांगायचा, मामींनी दाबायचं. वाटलं झोपले असतील, म्हणून एके ठिकाणी एक ओळ गाळली. मामांचं बोट हळूच वर झालं. मी मुकाट्याने मागे गेलो आणि ती ओळ वाचली.

शेवटचं पान झालं तेव्हा उन्हं उतरली होती. मामींनी माउस बाजूला ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, कळत तुम्हाला काही नाही. पण वाचता छान हो."