शेवटच्या रकान्यातलं निरंक

“ज्याचं बिल नाही, ते घडलंच नाही. अन् काहून म्हणून विचारायचं नाही.”

वणीच्या ऑफिसात पहिल्या दिवशी, चहा यायच्याही आधी, विठ्ठलकाकांनी मला हा नियम सांगितला. ऑफिस म्हणजे बाबूजींची सीए फर्म. कापड दुकानाच्या वरचा मजला, दोन खोल्या, माणसं तीन. बाबूजी सही करतात, विठ्ठलकाका केस काळे होते तेव्हापासून हिशेब लिहितात, आणि मी एम.कॉम. करून आलेली, म्हणजे दोघांच्याही मते काहीच न शिकलेली.

मैत्रिणी विचारतात, हिशेबाच्या ऑफिसात कसले गं किस्से? अगं बायांनो, ज्या गोष्टीची एन्ट्री होत नाही, तिचाच किस्सा होतो! पुस्तकात जागा नाही मिळाली, की ती माणसाच्या डोक्यात येऊन बसते. माझ्या डोक्यात आता जागा उरली नाही, म्हणून सांगते.

सगळे किस्से एकाच क्लायंटचे. त्यांना आम्ही नुसतं शेठ म्हणतो. राजूरच्या पलीकडे त्यांची कोळशाची खदान आहे. ती वाढवून पार बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत न्यायची, म्हणून त्यांना बँकेचं कर्ज हवं होतं. बँकेला द्यायच्या अहवालात अगदी शेवटी एक रकाना होता: ‘परिसरावर झालेला परिणाम व त्याचा खर्च’. जागा पाहून येईल त्यानं तो भरायचा आणि खाली सही करायची. ते काम माझ्याकडे आलं, कारण काकांचे गुडघे दुखत होते.

अहवाल हातात घेतला तर रकाना आधीच भरलेला. पेन्सिलनं, सुबक अक्षरात: ‘निरंक’.

“काका, मी अजून गेलीच नाही तिथं!”

“म्हणून त पेन्सिलनं लिवलं,” काका म्हणाले. “तू आली का पेनानं गिरव.”

*

आमच्या खिडकीतून खदान दिसत नाही. तरी ती रोज ऑफिसात येते. सकाळी टेबल पुसा, दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. काळी, मऊ भुकटी. संगणकावर, देवाच्या फोटोवर, बाबूजींच्या टकलावरसुद्धा!

दिवाळीच्या सुट्टीआधी बाबूजींनी खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या लावून घेतल्या. दाराखाली गोणपाट सरकवलं. सुट्टीनंतर कुलूप मी उघडलं. पट्ट्या जशाच्या तशा होत्या. टेबलावर मात्र भुकटीचा थर. ठीक आहे, कुठून तरी शिरली असेल. मग मी पाणी प्यायला पालथा ठेवलेला ग्लास उचलला. त्याच्याखाली स्वच्छ गोल दिसायला हवा होता की नाही? नव्हता. ग्लासाखालीही तोच थर, तेवढाच जाड.

मी ओरडले, “बाबूजी, शेठचा माल रोज आपल्याकडं येऊन राह्यला! फक्त चलान येत नाही!”

बाबूजींनी ग्लास पाहिला. हळूच पालथा करून होता तिथं ठेवला.

“चलान नाही ना? मग माल आलाच नाही.”

*

खदानीचा काँक्रीटचा रस्ता जिथं संपतो, तिथून तांडा सुरू होतो. तांड्याच्या तोंडाशी एक विहीर आहे. शेठनं भोवतालचं शेत घेतलं, त्यात तीही आली. आमच्या पुस्तकात ती ‘मालमत्ता’ म्हणून आहे, म्हणून ती जागेवर आहे की नाही हे बघायचं होतं. पहिल्या वेळी काकाही जीपनं आले होते.

विहिरीच्या काठावर एक म्हातारी बसली होती. अख्खा तांडा तिला याडी म्हणतो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणायला लागले.

मी विहिरीत दगड टाकला आणि कान दिला. आवाज आला नाही. पाण्याचाही नाही, खडकावर आपटल्याचाही नाही. दुसरा टाकला, मोठा. तोही गेला तो गेलाच.

“नको टाकू छोरी,” याडी म्हणाली. “खालून खदानीनं पाणी वढून नेलं. आता फक्त दम येते.”

मी वाकले. खालून खरंच हवा आली. कोमट. थांबून थांबून. एखादं मोठं जनावर अंधारात पडून राहावं आणि आपण त्याच्या नाकाशी उभं असावं, तशी. मी घाबरून मागे झाले.

“काका, काय लिहायचं?”

काका जीपमधून उतरलेसुद्धा नव्हते. “इहीर जाग्यावर हाय का नाही?”

“आहे, पण...”

“मंग मार टिक. सुस्थितीत!”

*

याडीच्या घरी मी नंतर बरेचदा गेले. चहाला नाही म्हटलं तर ती रागावते. चहा कॅनच्या पाण्याचा. विहीर आटल्यापासून तांडा पिण्याचं पाणी विकत घेतो. धुळीनं तिला खोकला लागलाय, त्याचं औषध वणीहून येतं.

एकदा मी तिला कॉलेजात शिकलेलं सांगितलं. “याडी, तू इहिरीचं पाणी पीत होती ना, ते देशाच्या हिशेबात कुठंच नव्हतं. आता कॅन घेते, त्याचं बिल होते. देशाचं उत्पन्न वाढलं! तू खोकलली, औषध घेतलं, अजून वाढलं!”

याडीनं बशी खाली ठेवली.  मग तोंडाला पदर लावून अशी हसली, की खोकल्याची उबळच आली.

“म्हंजे आमी समदे बिमार पडलो त देश लय मोठा होईन!”

मीही हसले. मग तिनं विचारलं, “त्या कागदावर आमचं काय लिवलं?”

“निरंक.”

“म्हंजे?”

“म्हणजे... काहीच नाही.”

“काहीच नाई,” ती म्हणाली. तिनं घरभर नजर फिरवली. चूल, पेटी, भिंतीवरचा आरसा. “मंग चहा कोन करून राह्यलं तुह्यासाठी?”

*

याडीच्या भिंतीला भेगा आहेत. दुपारी खदानीत आधी भोंगा होतो, मग ब्लास्ट. जमीन थरथरते आणि भेग थोडी उघडते. तक्रारी झाल्या, तेव्हा शेठनं एक माणूस पाठवला. त्यानं भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग वाढली तर काच तुटते, म्हणजे पुरावा मिळतो. कल्पना चांगली होती!

झालं असं, की काच तुटायची, माणूस यायचा, तुटकी पट्टी काढायचा, नवी लावायचा आणि वहीत लिहायचा: ‘पट्टी शाबूत’. लावली तेव्हा शाबूतच असते ना!

काचेला बिल असतं. म्हणून याडीच्या घराच्या भेगा आमच्या पुस्तकात अखेर आल्या. कोणत्या खात्यात, सांगा बरं? स्टेशनरी! काकांनी स्वतः घातल्या, पेनं आणि टाचण्यांच्या शेजारी.

एकदा दुपारी मी तिथंच होते. याडी तांदूळ निवडत होती. अचानक भिंतीतून आवाज आला, टक्. पट्टीचे दोन तुकडे. मी कान झाकून ब्लास्टची वाट पाहत बसले. थोड्या वेळानं भोंगा झाला. मग ब्लास्ट झाला.

“याडी, काच आधीच तुटली! भोंग्याच्याही आधी!”

याडीनं सुपातून डोकं वर काढलं नाही.

“आजकाल भितीले वाट पाहवत नाई.”

*

मार्चअखेरला शिल्लक माल मोजायचा असतो. शेठच्या यार्डात कोळशाचा ढीग होता, दुमजली घराएवढा. काका टेप घेऊन आले होते, गुडघे विसरून. मी टेपचं दुसरं टोक धरून ढिगाला फेरी मारत होते. मागच्या बाजूला चपलेचा तळ चिकटायला लागला. खाली बघते तर कोळशाच्या फटीतून धुराची बारीक रेघ. उन्हात दिसतही नव्हती, नुसती हवा हलत होती. मी काठी खुपसली. काठी लोण्यात शिरावी तशी आत गेली. बाहेर काढली तर टोकाला पांढरी राख आणि त्यात लाल ठिणगी.

“काका, साठा आतून जळून राह्यला! वरून नुसती टेकडी हाय, आत राख!”

काका आकडे लिहीत होते. “मोजमाप बाहेरून घेतात, पोरी.”

“धूर निघून राह्यला!”

“कागदावर दिसते का धूर?”

तेवढ्यात त्यांना खोकला आला. रुमाल तोंडाला लावला. गेली कित्येक वर्षं ते या यार्डात मोजायला येताहेत. शेठच्या डंपरवर दरवर्षी आम्ही घसारा लावतो, म्हणजे वापरून जीर्ण झाला म्हणून किंमत कमी दाखवतो. मला राहवलं नाही.

“काका, डंपरवर घसारा लावता. तुमच्यावर लावू का?”

काका मोठ्यानं हसले. हसता हसता रुमालाची घडी घालायला गेले, आणि थांबले. रुमालावरचा काळा डाग मलाही दिसला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि टेप गुंडाळायला घेतली.

*

उरलेल्या काचपट्ट्यांचं खोकं बिलासोबत आमच्याकडे आलं होतं. बाबूजींच्या खुर्चीमागच्या भिंतीत केसाएवढी चीर होती. मी त्यातली एक पट्टी चिरेवर चिकटवून टाकली. खोकं काकांच्या खणात गेलं. खदान वणीपासून एवढी लांब, की ब्लास्टचा आवाजसुद्धा इथं येत नाही. पट्टी धुळीनं काळी झाली, पण तुटली नाही. रोज सकाळी बाबूजी तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “काय मॅडम? परिणाम?” काका म्हणायचे, “निरंक!” दोघं टाळी द्यायचे.

मग तो रविवार आला. सोमवारी अहवाल बँकेत जायचा होता. शेठ स्वतः पेढे घेऊन आले. टेबलावर अहवाल, शेवटचं पान उघडं, त्यावर पेन्सिलचं निरंक. बाबूजींनी आपलं पेन काढून माझ्यापुढं धरलं.

“गिरव अन् सही कर.”

मी म्हटलं, “बाबूजी, ही सही झाली तर मशिना याडीच्या दारात जातीन.”

“कोन याडी?” शेठनं विचारलं. चिडून नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“हे बघ,” बाबूजी म्हणाले, “तू नाही केली त उद्यापासून दुसरी पोरगी येईन, ती करन. तुह्यी नोकरी जाईन, बाकी काही बदलणार नाही.”

काका समजुतीच्या सुरात म्हणाले, “पोरी, त्या भितीवरच्या पट्टीकडं बघ. तूच लावली ना? शाबूत हाय का नाही? मंग लिव.”

सगळ्यांनी पट्टीकडे पाहिलं.

टक्.

आमच्या डोळ्यांदेखत. दोन तुकडे झाले, एक भिंतीला राहिला, एक बाबूजींच्या खांद्यावरून घरंगळत टेबलावर आला.

शेठ म्हणाले, “आज त खदानीले सुट्टी हाय.”

बाबूजी म्हणाले, “उन्हानं तडकली असन.” त्या भिंतीवर ऊन येत नाही.

 काकांनी खण उघडला, खोक्यातून एक नवी पट्टी काढली, खण बंद केला. “मी नवी लावतो,” ते म्हणाले. “तू सही कर.”

मी खोडरबर घेतलं. काकांचं सुबक निरंक पुसलं. पेन बाबूजींचंच वापरलं. रकान्यात लिहिलं: विहीर. भिंत. हवा. याडीचा खोकला. मग जागा उरली होती म्हणून काकांचाही लिहिला. आणि खाली सही केली.

बाबूजींचा चेहरा लाल झाला. “बिल कुठं आहे ह्याचं? व्हाउचर दाखव एक तरी!”

मी टेबलावरचा काचेचा तुकडा उचलून शेवटच्या पानावर ठेवला.

“हे घ्या. मी निरंक लिहिणार नाही. उद्या नाही, दुसऱ्या कोणत्या नोकरीतही नाही.”

 शेठचा पेढा हातातच. काकांचा हात नवी पट्टी धरून भिंतीकडे गेला होता, तो तिथंच थांबला. कोणी खोकललंसुद्धा नाही.

आणि त्या शांततेत काकांच्या बंद खणातून, खोक्यातून, आवाज आला.

टक्.

मग अजून एक. टक्.