लेकीच्या घरचं सँडविच

माझ्या सासऱ्यांना समजावणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मुंजाबा त्यांचं नाव, हर्सूलच्या पलीकडं त्यांचं गाव. उभा जन्म मेंढरांमागं गेला. आता गुडघे कुरकुरतात म्हणून कळप थोरल्या मुलाच्या हवाली केला आणि स्वतः आमच्या डोक्याला ताप द्यायला मोकळे झाले.

शहरात, गारखेड्यात माझं आणि माझी बायको अंबिका हिचं छोटं हॉटेल आहे. चार टेबलं आणि दारात कोळशाची शेगडी. आमच्याकडं एकच गोष्ट मिळते, धनगरी सँडविच. मटणाला लसूण, मिरची आणि जाडं मीठ चोळायचं, सळईला लावून निखाऱ्यावर भाजायचं, जरा ठेचायचं आणि त्याच्याच चरबीत शेकलेल्या पावात कच्च्या कांद्याबरोबर दाबून द्यायचं. यातला पाव तेवढा आमचा. बाकी सगळं मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं. रानात मुक्काम पडला की ते असंच मटण भाजायचे, भाकरीत गुंडाळायचे आणि लहानग्या अंबिकाला भरवायचे. म्हणजे ज्याच्या हातचं बघून आम्ही दुकान थाटलं, तोच माणूस आमच्या दुकानात तोंड उघडत नाही. बोलायला उघडतो, खायला नाही.

का, तर रीत! लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. हल्ली त्यांच्या गावातही ही रीत कुणी पाळत नाही. त्यांच्या सख्ख्या भावानं लेकीच्या पहिल्याच दिवाळीला तिच्या घरी जाऊन ताटभर हाणलं. पण सुंभ जळाला तरी मामांचा पीळ जायचा नाही. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, या माणसानं आमच्या घरच्या पाण्याचा घोट घेतलेला नाही.

बरं, घ्यायचं नाही तर घरी बसावं की नाही? ते नाही. दर बुधवारी बसनं हजर. कधी चष्म्याचं निमित्त, कधी औरंगपुऱ्यातून घोंगडीला दोरा आणायचं. दोरा कधी दिसला नाही. पंख्याखालचं टेबल धरून दिवसभर बसायचं, घरून आणलेली भाकर-चटणी ऐन गर्दीत आमच्याच टेबलावर सोडायची आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवायचं, "ह्यो पाव म्हंजी निव्वळ कापूस हाय. अन् कोळशावर काय भाजतेत? बाभळीचा इंगळ पायजे!" एकदा कॉलेजच्या दोन मुलींनी त्यांची भाकरी बघून मला विचारलं, "काका, ते खातायत ते मेनूत नाही का?" मी कपाळावर हात मारून घेतला!

मीही कमी उपाय केले नाहीत. म्हटलं, मामा, ही जागा भाड्याची आहे, मालक सर्जेराव. हे काही लेकीचं घर नव्हे. तर म्हणाले, "जावईबापू, जिथं लेकीची चूल, तिथं लेकीचं घर." झालं. मी हात टेकले.

अंबिका मात्र हात टेकत नव्हती. दर बुधवारी त्यांच्यासाठी एक सँडविच निवडक तुकडे घालून करायची आणि त्यांच्यासमोर ठेवायची. ते तिथंच गार व्हायचं आणि संध्याकाळी ते मी संपवायचो. माझ्या पोटाचा घेर त्यामुळंच वाढला. मी चिडून म्हणायचो, सोड ना नाद. ती म्हणायची, "सगळं गाव खाऊन गेलं तरी माझ्या बापानं एक घास खाल्ला नाय, तवर मला दुकान आपलं वाटत नाय."

आणि एक गोष्ट मामांना ठाऊकच नव्हती. आम्हाला मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी केव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही रडून घेतलं, सावरलो. पण अंबिकानं मला शपथ घातली होती, "आबांना सांगू नका. त्यांचा जीव तुटंल." त्यामुळं तो म्हातारा आशेवर उपाशी आणि मी शपथेवर मुका.

गेल्या बुधवारी आमचे जुने गिऱ्हाईक बशीरभाई आले होते. त्यांच्या मते आमचं सँडविच म्हणजे शहरातल्या नान-कबाबचा गावाकडचा भाऊ. शेजारच्या टेबलावर मामांसमोरचं न खाल्लेलं सँडविच बघून त्यांना राहवलं नाही.

"चाचा, बेटी के हाथ का है. खा लो ना."

मामा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे हसले. "खातो की भाई! नातू व्हऊ द्या एकदा. मंग ताटच काय, परातच घिऊन बसतो!"

दर वेळचंच वाक्य. माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी तोंड उघडणार, तेवढ्यात अंबिकानं हातातली सळई शेगडीवर आपटली. ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"आबा, नातू नाय व्हायचा."

"आसं वंगाळ बोलू नाय, बाई."

"डॉक्टरनंच सांगितलंय. कवाच नाय व्हायचा. आता तुमी कवाच जेवणार नाय का माझ्याकडं?"

बशीरभाईंनी मान खाली घातली. मामांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी ‘खरंय’ म्हणून मान हलवली. मग ते अंबिकाकडं वळले. मला वाटलं, आता उठतील, पिशवी उचलतील, पुढच्या बुधवारी टेबल रिकामं. इतका वैताग आणणारा माणूस, पण ते टेबल रिकामं बघायची माझी तयारी नव्हती.

त्यांनी डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. ताटली पुढं ओढली. सँडविच दोन्ही हातांनी उचललं आणि मोठा घास घेतला. ते चावताना त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसतही नव्हते. त्या घासाबरोबर त्यांनी काय सोडून दिलं, हे आम्हा दोघांना कळत होतं. अंबिकाला हवा होता तो घास तिला मिळाला आणि ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

मामांनी सगळं संपवलं. आमच्या जगमधलं पाणी प्याले. मग, अगदी त्यांच्या नेहमीच्या कुरकुऱ्या आवाजात, लेकीवर खेकसले, "मंग आदीच सांगायचं व्हतंस की गं येडे! इतकी वर्सं उपाशी ठिवलंस मला."