साफ बांध

माझ्या सासऱ्यांना बांधावर गवताची काडी दिसली, तरी कुणीतरी शिवी दिल्यासारखं वाटतं. पूर्वी तण बेणायला गावातल्या बाया यायच्या. आता त्यांच्या सुना कंपनीत शिफ्टला जातात, आणि तणनाशकाचा पंप कधी रजा मागत नाही. आमच्या कासू गावाच्या आसपास आमच्याइतके स्वच्छ बांध कुणाचे नाहीत. खेकडेसुद्धा राहत नाहीत त्यांत, आणखी काय पाहिजे!

गेल्या थंडीत त्यांचे शाळेतले मित्र इस्रायलहून आले. गावातलं ते एकुलतं ज्यू घर. सगळे तिकडे गेले आणि मागे पडीक जागा तेवढी राहिली. पाहुण्यांचं वय झालेलं, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. मुलांनी एकदाच जाऊन या म्हणून सोडलं होतं. फोनवर त्यांनी एकच मागितलं होतं, शेतात बसून, जाळात मडकं ठेवून भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी.

आपली शेती कशी सुधारली हे मित्राला दिसावं म्हणून सासऱ्यांनी मुद्दाम सगळे बांध आणखी एकदा फवारून घेतले होते.

पोपटीच्या दिवशी शेंगांना मीठ-ओवा चोळून झाला, मडकं आलं, पेंढा आला. मी विचारलं, “बाबा, भांबुर्डी कुठाय?”

भांबुर्डी म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं उग्र वासाचं तण. पोपटीत पाणी घालत नाहीत. मडक्यात खाली-वर हाच पाला कोंबायचा, त्याच्या ओलाव्यावर शेंगा शिजतात. कोंबडी घातली तर तिच्या चवीवर निभावतं, पण पाहुणे त्यांच्या धर्माप्रमाणे आमच्याकडची कोंबडी खात नाहीत. सगळी भिस्त पाल्यावर.

सासऱ्यांनी बांधाकडे पाहिलं. बांध चकाचक होता.

“केळीचा पाला घाल गो,” ते म्हणाले.

“केळीच्या पाल्यात पानगी होते, पोपटी नाय,” पाहुणे म्हणाले. इतकी वर्षं परदेशात राहूनही जीभ बदलली नव्हती. मला फार बरं वाटलं.

माझा नवरा मोटारसायकल घेऊन शिवारभर फिरून आला. सगळ्यांनी आमच्या सासऱ्यांचंच बघून फवारलेलं. गुरूची विद्या गुरूला! शेवटी मी पाहुण्यांच्याच पडीक जागेत शिरले. पडलेल्या घराच्या जोत्याभोवती गुडघाभर भांबुर्डी माजली होती. तिथे औषध मारायला कोण होतं?

मडकं उघडल्यावर तो वास आला आणि पाहुण्यांनी पहिली शेंग तोंडात घातली. ते रडले, आणि धुराचं निमित्तसुद्धा केलं नाही.

सासरे ओशाळले की जास्त बोलतात. निघताना मित्राचा हात धरून म्हणाले, “तुज्या जागंत रान माजलंय रे. पुढल्या खेपेला येशील तवा तीपण साफ करून ठेवतो.”

“आता कुठला येतोय मी,” पाहुणे म्हणाले. “राहू दे तसंच. दरसाल तिथल्या पाल्याची पोपटी लाव, म्हणजे झालं.”

सासरे “व्हय, व्हय” म्हणत गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे राहिले. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, “सूनबाय, भांबुर्डीला खत कुठलं घालतात गो?”