एक काडी

काल घरी रंगाऱ्याने ब्रश रॉकेलमध्ये बुडवले आणि तो वास येताच मी पेणच्या रामवाडीतल्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात पोचले. नव्वदनंतरची ती वर्षं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. स्टोव्हला पंप मारताना भडका उडाला आणि माझा पदर पेटला. सासूबाईंनी तो नुसत्या हातांनी विझवला.

जखमा भरल्या, पण काडेपेटी खुळखुळली तरी मला घाम फुटायचा. भाजलेल्या हातांनी स्वयंपाक त्याच करायच्या. मी लांब बसून भाजी चिरायचे आणि स्वतःला बिनकामाची समजायचे.

एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर बसून काडेपेटी पुढे केली.

"स्टोव्हकडं बघू नको गो. नुसती काडी ओढ."

दोन काड्या मोडल्या. मग एक पेटली. ज्योत बोटांकडे सरकू लागली, तसा मला पुन्हा तो पेटता पदर दिसला. सासूबाईंनी फुंकर मारली.

"पेटली ना? आज एवढं पुरं हाय. चाय ठेवायचं उद्या बघू."

मला लाज वाटली. पण त्या ओटीवर गेल्या आणि शेजारणीला कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या सुनेनं आज काडी पेटवली."

मी उठले, तेव्हा त्यांच्या पाटामागे पाण्याने भरलेली कळशी आणि भिजवलेली गोधडी दिसली. भीती फक्त मलाच वाटत होती, असं मी इतके दिवस धरून चालले होते.