शेपटीवर बसलेलं विमान

विमानाच्या नाकात वजन भरायचं मी विसरलो.

चूक एवढीच. पण ती कळायला मला विमान चिकटवून, घासून, रंगवून, सासुरवाडीच्या टेबलावर सगळ्यांसमोर ठेवावं लागलं... आणि मग ते सगळ्यांसमोर हळूच मागे कललं आणि शेपटीवर बसलं. दमलेलं कुत्रं बसतं तसं, नाक वर करून.

मंडळी, पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचले आणि बहुतेकांना मनातल्या मनात हसलो. आमचं घर बौद्ध. छप्पन साली आजोबांनी देव्हाऱ्याबरोबर भुतंखेतंही बाहेर काढली, ती परत फिरकली नाहीत. सासरे तर माझ्याहून कडक. वांगणीकडे कुणाच्या तरी अंगात येतं असं कानावर आलं की ते शांतपणे विचारायचे, "सुट्टीच्या दिवशीच येतं का?" त्यामुळे हे लिहिताना मला भुताची भीती वाटत नाहीये, सासऱ्यांची वाटते आहे.

साल अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या आसपासचं. मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीत स्टोअर्स सांभाळायचो आणि उरलेल्या वेळात प्लास्टिकच्या किटमधून जुनी जेट विमानं जुळवायचो. प्रवासी विमानं फक्त. खेळणी नव्हेत हं — खऱ्या विमानाच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्श्याची, खिडकीला खिडकी जुळणारी प्रतिकृती. माझी बायको सुमन याला 'यांची बालवाडी' म्हणायची. पाहुणे आले की, "हे आत बालवाडीत आहेत, बोलावते."

सासरे, म्हणजे सुमनचे बाबा, बदलापूरला कुळगावात राहायचे. सगळी नोकरी सांताक्रूझच्या विमानतळावर, विमानात बॅगा चढवायच्या-उतरवायच्या. त्यांचं आवडतं विमान कॅराव्हेल. शेपटीजवळ दोन्ही अंगांना इंजिनं, खिडक्या गोल नव्हे तर तिकोनी, आणि मागे पोटाखालून उघडणारा जिना. हजारो लोकांचं सामान त्यांनी त्यात भरलं. स्वतः मात्र एकदाही उडाले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "जायचं कुठे? घर इकडे आहे."

रिटायर झाल्यावर त्यांच्या छातीने त्रास द्यायला सुरुवात केली. चार पावलं चाललं की दम. एका रविवारी खिडकीशी बसले होते, मला जवळ बोलावलं.

"विलासराव, तुमच्या त्या डब्यांत कॅराव्हेल मिळते का हो?"

"मिळवतो की."

"उभी राहील? तिन्ही चाकांवर?"

"म्हणजे काय, बाबा."

"नाही, मला ती उभी बघायची आहे. सामान भरून झालंय, दारं लागलीत, आपण बाजूला झालोय... आणि ती अजून निघालेली नाही. तेवढं एक मिनिट. तेवढंच आपलं असायचं. नंतर ती पायलटची."

ज्या माणसाने जावयाकडे कधी ग्लासभर पाणी मागितलं नव्हतं, त्याने हे मागितलं. मी असा काही फुगलो की विचारू नका.

उल्हासनगरला लछमन नावाचा माझा एक सिंधी मित्र होता. त्याचं दुकान कटलरीचं, पण दुबईचा मेहुणा आला की मागच्या खोक्यात माझ्यासाठी एखादं किट असायचं. कॅराव्हेल यायला बराच वेळ लागला. देताना तो म्हणाला, "विलास, इसका पिछवाडा भारी है. नाक में वजन डालना. भूलेगा तू."

"मला शिकवतो? किती विमानं बनवली मी?"

"बनाया बहुत. उसमें से सीधा कितना खडा है?"

मी दुर्लक्ष केलं. तयारी तर मी चोख केली होती. या किटमध्ये विमानाचं धड उभं चिरल्यासारखं दोन भागांत येतं, डावं आणि उजवं. दोन्ही चिकटवण्याआधी नाकाच्या पोकळीत वजन ठेवायचं, नाहीतर मागची इंजिनं त्याला खाली ओढतात. त्यासाठी मासे धरायच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या, वाटीत काढल्या, वाटी खिडकीत ठेवली. मग तिकोनी खिडक्या एकेक करून बसवल्या. त्या इतक्या सुरेख बसल्या की मी स्वतःवर खूश होऊन दोन्ही भाग चिकटवले, रबरबँड लावले आणि शीळ घालत चहा प्यायला गेलो. वाटी खिडकीतच. ती मी दुसऱ्या दिवशी पाहिली असती, पण तिच्यावर सुमनने वर्तमानपत्र ठेवलं होतं — आणि माझी चूक तिच्यावर ढकलायचा हा माझा शेवटचा प्रयत्न आहे.

तर, बालवाडीचं ते विमान बुटांच्या खोक्यात घालून, खोकं सुमनच्या मांडीवर देऊन, स्कूटरवरून कुळगावला नेलं. टेबलावर ठेवलं. आणि ते बसलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याहून वाईट. बाबांनी मात्र हात पुढे केला आणि एक बोट शेपटीखाली धरून विमान सरळ केलं. हाताला कंप होता, त्यामुळे विमानही थरथरत होतं. इंजिन चालू असल्यासारखं.

"खरीही अशीच होती," ते म्हणाले. "पुढचं सामान आधी काढलं की मागे बसायला बघायची. म्हणून जिना खाली सोडून ठेवायचे. त्यावर टेकायची."

"बाबा, पुढच्या रविवारी उघडतो आणि सरळ करून आणतो."

"सावकाश. म्हणजे अजून सामान चढतंय म्हणायचं." बोट तसंच. "पण हात दुखतो हो."

सासूबाई शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या आणि शेपटीखाली सरकवलं. "काम झालं की रीळ परत द्या," एवढंच म्हणाल्या.

मग पुढचा रविवार आला. ओव्हरटाइम होता. त्याच्या पुढच्याला अंबरनाथला पाहुणे. त्याच्या पुढच्याला काही नव्हतं, पण पोटाखालचा सांधा इतका बेमालूम जमला होता की ब्लेड लावायला माझा हातच धजेना. अगदी बेमालूम म्हणजे... नाकाखाली रंगात माझ्या ब्रशचा एक केस अडकून वाळला होता, तेवढा सोडून. बाबा दर वेळी विचारायचे, "नेताय?" मी म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की." ते मान हलवायचे आणि खिडकीत ठेवलेल्या विमानाखालचं रीळ जरा सारखं करायचे.

बाबा एका दुपारी गेले. जेवण झालं, खाटेवर पडले, आणि सासूबाई भांडी आवरून आल्या तोवर सगळं झालं होतं. विमान खिडकीत रिळावर टेकलेलं.

सुमनने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण तिचं रडणंही कुठे दिसेना. लोक येत होते, ती पाणी देत होती, चहा करत होती. आणि खिडकीकडे नजर गेली की उठून आत जात होती. जलदान विधी झाला, वंदना झाली, लोक पांगले. आम्ही तिथेच मुक्कामाला राहिलो. एका सकाळी मी ठरवलं, आता पुरे. अंबरनाथला जाऊन ब्लेड आणि शिशाची ती वाटी घेऊन आलो. बाबांना दाखवता येणार नव्हतं, पण दिलेला शब्द निदान सुमनच्या डोळ्यांसमोर तरी पुरा व्हावा, एवढंच मनात होतं.

खिडकीत छान ऊन आलं होतं. मी खाली कागद पसरला. सासूबाई शेजारी बसून परकराचा नेफा शिवत होत्या. त्यांचा दोरा संपला. त्यांनी हात लांबवला आणि विमानाखालचं रीळ काढून घेतलं.

मी पडतं विमान झेलायला झेपावलो... आणि तसाच हात पसरून राहिलो.

विमान उभं होतं. तिन्ही चाकांवर.

"आई, रीळ काढलंत?"

"काढलं. शिवायला लागतं ना मला."

"मग हे मागे का नाही बसलं?"

"मला काय विचारता, बनवलंय तुम्ही. कालही काढलं होतं. परवाही. शिवून झालं की ठेवते परत."

मी बोटाने शेपटी दाबली. खाली गेली. सोडली. नाक टपकन आपटलं नाही. सावकाश खाली आलं, बाबा खाटेवरून उतरताना पायाने चप्पल चाचपायचे तसं, आणि पुढचं चाक टेकलं. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. उचलून कानाशी हलवलं. आत काही खुळखुळत नव्हतं. उलटं करून उन्हात धरलं — सांधा जसाच्या तसा, आणि नाकाखाली माझ्या ब्रशचा तो केस, रंगात घट्ट. कुणी उघडलं असतं तर तो तुटला असता. आणि वाटी? वाटी माझ्या मांडीशी होती. सगळ्या गोळ्या आत.

सुमन आतून आली. मी शेपटी दाबून दाखवली. तिने मला बाजूला केलं आणि स्वतःचं बोट शेपटीखाली धरलं, अगदी बाबांनी धरलं होतं तसं. मग बोट काढलं. विमान उभंच.

"भरून झालं वाटतं सामान," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने राहू दिला.

नंतर मी जमेल ते सगळं करून पाहिलं. वजन करावं म्हटलं, तर आधीचं वजन केलंच नव्हतं; ताडून बघणार कशाशी? लछमनला विचारलं. तो म्हणाला, गर्मीने प्लास्टिक मुडलं असेल. मी म्हटलं, मुडून वजन कसं वाढेल? मग गोंद असेल, म्हणाला. इतका गोंद? "तेरे हाथ का काम है. कितना भी हो सकता है." पण गोंदच असता, तर पहिल्या दिवशी बसलंच नसतं.

एकदा ब्लेड घेऊन उघडायलाच निघालो होतो. सुमनने हात धरला.

"उघडून काय करणार?"

"कळेल तरी."

"कळून?"

मी ब्लेड खाली ठेवलं. इथे जाणकार खूप आहेत. कुणाला काही पटणारं कारण माहीत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. विमान आमच्याकडेच आहे, टेकूशिवाय.

पुढे नव्वदच्या दशकात सासूबाई आमच्याकडे अंबरनाथला राहायला आल्या, तेव्हा एकदा मी त्यांना सरळच विचारलं, "आई, तुम्ही असलं काही मानत नाही ना?"

"नाही मानत."

"मग ते विमान?"

त्यांनी दाताने दोरा तोडला.

"जन्मभर ओझी उचलली त्या माणसाने. मेल्यावर तरी स्वस्थ पडू द्यायचं होतंत, विलासराव. तुमचा रविवार काही उजाडेना, म्हणून बिचाऱ्याला परत ड्युटीवर यावं लागलं."