एसीला बांधलेलं ओलं बारदान

एसीच्या बाहेरच्या डब्याला ओलं बारदान बांधणारा गोंदिया जिल्ह्यातला पहिला माणूस बहुधा मीच. आणि बांधताना आपल्यासारखा हुशार आपणच, असं मला वाटत होतं, हेही सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

त्याचं असं आहे, आमचं सारं आयुष्य कुलरवर गेलं. एप्रिल लागला की ताट्यांतलं जुनं गवत काढायचं, नवं भरायचं, टाकीत पाईप सोडायचा आणि पंखा कुरकुरला की पत्र्यावर दोन थापा मारायच्या. जे तापतं त्याला ओलं करायचं, एवढंच आमचं विज्ञान. माठाला ओलं फडकं, खिडकीला ओली चादर, उन्हातून आलं की डोक्यावर ओला दुपट्टा. एसी घरात आला तो यंदा, लेकीचं पहिलं बाळंतपण ऐन उन्हाळ्यात आमच्याकडे होतं म्हणून. तोही बदली होऊन गेलेल्या एका शेजाऱ्याकडून घेतलेला, वापरलेला. वॉरंटीचा विषय त्याच्याबरोबरच दुसऱ्या गावी गेला.

नात दीड महिन्याची झाली आणि मे महिन्याने दात दाखवले. मी गच्चीवर गेलो तर एसीचा बाहेरचा डबा उन्हात धापा टाकत होता. हात लावला, चटका बसला. मला त्याची दया आली. खाली आलो, बायकोच्या भावाने पाठवलेल्या तांदळाचा रिकामा बोरा उचलला, बादलीत बुचकळला आणि डब्याला चारी बाजूंनी सुतळीने करकचून बांधला. वर एक लोटा पाणीही घातलं. नवऱ्या मुलाला हळद लावावी इतक्या प्रेमाने.

दुपारी दोनला एसी गरम हवा फेकू लागला.

संध्याकाळी बाजारातल्या दुकानातून मेकॅनिक आला. तो यायच्या आधी मी गच्चीवर जाऊन बोरा सोडला आणि टाकीमागे लपवला. पाहुणे यायच्या आधी आपण पलंगावरचे कपडे कोंबतो, तसं. त्याने आतल्या मशीनसमोर तळहात धरला आणि म्हणाला, "गैस खतम है अंकलजी. बत्तीस सौ लगेंगे."

"अच्छा, गैस," मी म्हणालो. जणू मलाही तोच संशय होता.

वांगी घेताना मी प्रत्येक वांगं दाबून बघतो, वर कोथिंबीर फुकट मागतो. पण हातात पाना घेतलेला माणूस दिसला की माझा विद्यार्थी होतो. गॅस गेला कुठे, कसा कळला, भरला तर टिकेल का, यातलं मी काही विचारलं नाही. त्याने काहीतरी भरलं, एसी सुरू झाला, खोली गार झाली. मी पैसे दिले आणि वर चहाही पाजला.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "का जी, माहा बोरा कोठी गेला? भावानं पाठवला तो. कुरडयांखाली टाकाचा होता."

"असेल इथंच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, एवढे पैसे घातले आहेत तर काळजी जास्त घ्यायला हवी, या विचाराने मी बोरा दुहेरी करून बांधला.

दुपारी एसी पुन्हा बंद. दुकानवाला फोनवरच म्हणाला, "कंप्रेसर गया होगा. नौ हजार पकड़ के चलो. मैं बोलता हूँ, नया ही ले लो."

नेमका तेव्हाच विहीणबाईंचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. विहीणबाई स्वभावाने गोड, निर्णयाला पक्क्या. लेक कपाळ पुसत होती, नात लाल होऊन रडत होती. "तुमचं करणं उत्तमच आहे हो," त्या म्हणाल्या, "पण बाळाच्या मानेला घामोळ्या दिसताहेत. आमच्या दोन्ही खोल्यांत एसी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर परवा सकाळी गाडी पाठवते."

लेक तीन महिने राहणार ठरलं होतं. अर्धेच झाले होते. बायको बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालायला बसली. एकच लंगोट तिने तीनदा उलगडला आणि तीनदा त्याची घडी घातली.

मग म्हणाली, "मुर्री गावचा तो फ्रिजवाला बुढा आहे ना, त्याले बोलवा. कायले त्या दुकानवाल्याच्या भरोशावर राहून राहिले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. साठीचा, सायकलच्या दांड्याला पिशवी. आत येण्याआधीच म्हणाला, "पाहाले यायचे तीनशे होतात. काम केलं त त्यातच धरीन." मशीनला हात न लावता तो खुर्चीत बसला. "बंद कधी पडते?"

"दुपारी."

"अन् संध्याकाळी?"

"चालतो."

"मंग गॅस का दुपारी फिराले जाते अन् संध्याकाळी घरी येते?"

लेक फिसकन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तो म्हणाला, "गॅस का चुलीच्या सिलेंडरसारखा सरते जी? नळीतल्या नळीत फिरते तो. कमी झाला म्हनजे कोठीतरी भोक आहे. पहिले भोक दाखव म्हना, बुजव म्हना, मंग भर म्हना." आणि उठून तो जिन्याकडे निघाला.

बोरा वरच होता. मी पुढे धावायला गेलो, पण त्याचे पाय माझ्यापेक्षा तरुण निघाले.

तो डब्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ओला बोरा, सुतळीच्या गाठी, शेजारी लोटा. बराच वेळ तो पूजा मांडलेली बघावी तसा बघत राहिला. "हे कोनी केलं?"

मी आभाळाकडे पाहिलं.

"काकाजी, कुलर पानी पिते. हा हवा खाते. तुमी याचं तोंड बांधलं अन् म्हनता, धापा टाकते." त्याने सुतळी कापून बोरा काढला. आत पत्र्याच्या बारीक जाळीवर पिठासारखा थर बसला होता. शेजारच्या राईस मिलचा कोंडा एरवी उडून जातो, मी तो पाणी घालून मळून ठेवला होता. त्याने दाब मोजायचं गेज लावून मला काटा दाखवला. गॅस व्यवस्थित होता. कॉम्प्रेसरही ठणठणीत. उष्णतेने फुगला होता तो कॉम्प्रेसरला धक्का देऊन सुरू करणारा मुठीएवढा कपॅसिटर. त्याने नवा बसवला, जुना माझ्या हातात दिला. "जुना पार्ट नेहमी मांगून घेत जा. फुगलेला आहे का, डोळ्यानं पाहाचं. अन् कॉम्प्रेसर गेला कोनी म्हनला त दुसऱ्याले दाखवल्याबिगर हो म्हनू नका. लय महाग काम आहे ते, म्हनून लय लवकर तोंडात येते."

मग फवाऱ्याने जाळी धुतली. सावली करायचीच असेल तर दोन हात उंच पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा, म्हणाला. धुण्याचे पाचशे, कपॅसिटरचे साडेचारशे. यायचे तीनशे त्यातच. साडेनऊशे रुपयांत माझी इज्जत सोडून सगळं दुरुस्त झालं.

खाली बायकोने विचारलं, "काय झालं होतं जी?"

म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "कचरा बसला होता बाई. उन्हाळ्यात बसते." मी त्याला चहाबरोबर दोन चिवड्याच्या प्लेटा दिल्या.

संध्याकाळी विहीणबाईंचा कॉल आला. खोलीत नात कानटोपरं घालून, दुपट्यात गुंडाळून गाढ झोपली होती. त्या मोबाईलमध्ये नाक घालून म्हणाल्या, "अहो, एवढं गार नको! बाळ गारठेल."

"मग उद्याची गाडी..." लेकीने विचारलं.

"गाडी कशाला? झोपलीय कशी बघ. राहा तिथंच तीन महिने पुरे होईपर्यंत."

लेकीने फोन ठेवला आणि आईच्या मांडीवर डोकं टेकलं. बायकोने तिच्या केसांतून हात फिरवला. थोड्या वेळाने ती उठली, उद्याच्या कुरडयांसाठी गच्चीवर जागा करायला गेली आणि खाली आली तेव्हा तिच्या हातात बोरा होता. ओला, कोंड्याने माखलेला, चारी कोपऱ्यांना माझ्या गाठी. माझ्या गाठी ती ओळखते. तीस वर्षं तिच्या माहेरच्या तांदळाच्या बोऱ्यांची तोंडं मीच बांधतो आहे.

मी पेपर वर धरला. त्यातली एकही ओळ मला दिसत नव्हती.

तिने तो पेपर दोन बोटांनी खाली केला आणि म्हणाली, "लेक राहिली म्हनून सोडलं तुमाले. अन् हा बोरा धुऊन ठेवून राहिली मी. पुढच्या बारीनं ऊन तापलं का तुमच्याच डोक्याले बांधून देईन. तेथी बिघडाले काही नाही."